सहा नंबर कोणाकडे आहे

मोबाइल उलटे करून ठेवा. भीतीसाठी नाही, मध्येच कोणाचा तरी वाजतो आणि माझा सूर मोडतो. आणि तो कोपऱ्यातला दिवा असू दे. मला तुमची तोंडं बघायची आहेत. कोण कोणाकडे आधी सरकून बसलं, एवढ्यावर माझा पुढचा आठवडा मजेत जातो.

तर, ही गोष्ट माझी नाही. माझी असती तर मी थोडी वाढवून सांगितली असती. तो माझा स्वभाव आहे आणि तुमच्या आयांना तो चांगला ठाऊक आहे. ही गोष्ट चिमट्याची. चिमटा म्हणजे आपला नेटवर्कवाला. वायरीच्या टोकाला ती पारदर्शक क्लिप दाबून बसवायचा चिमटा त्याच्या मागच्या खिशात कायम असतो. बसताना टोचतो, हा उडी मारून उठतो, पण खिसा काही बदलत नाही. वय चव्वेचाळीस. छापखान्याच्या वर एक खोली. लग्न दोनदा जमता जमता राहिलं, आई गेली त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या घरच्या वाय-फायवर दोनच यंत्रं, एक फोन आणि एक लॅपटॉप, आणि दोन्ही त्याचीच. रात्री झोपताना फोनचा आवाज मोठा करून ठेवतो. "कोण करणार आहे तुला फोन?" असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "कोणी नाही. पण केलाच तर."

नोव्हेंबरची तेरा तारीख, गुरुवार. दुपारी त्याला फोन आला. बोलणारा गृहस्थ पन्नाशीचा, नोकरी दुसऱ्या शहरात, गाडीने सहा तासांवर. घरी वडील एकटे. वय एक्क्याऐंशी. जूनमध्ये न्हाणीघरात पडले आणि चार तास तसेच पडून राहिले. शेजारीण दुधाची पिशवी बाहेरच राहिलेली बघून आत शिरली म्हणून वाचले. तेव्हापासून मुलाने बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावलेला.

"रोज रात्री दहा वाजून दहा मिनिटांनी कॅमेरा जातो," मुलगा म्हणाला. "साडेदहाला आपोआप येतो. तीन माणसं येऊन बघून गेली. तिघंही दिवसा आली. सगळं ठीक आहे म्हणाली आणि गेली. तुम्ही रात्री जाल?"

"जाईन की," चिमटा म्हणाला. "मला कोण अडवतंय."

घर रांगेतलं शेवटचं. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. वर एक खोली. दार उघडलं ते काकांनी. सडपातळ, ताठ, कानावर पेन्सिल. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढलेला माणूस. खोलीच्या मधोमध त्यांचं ड्रॉइंगचं टेबल, दोन माणसं आडवी झोपतील एवढं. बाकीचं सामान त्या टेबलाला वाट देत भिंतीला चिकटून उभं.

"काका, राउटर कुठं आहे?"

"तो काय, पाहुणा. आल्यापासून कोपऱ्यात बसलाय. दिवे लावतो आणि वीज खातो."

आता इथे जरा थांबा, कारण तुमच्यातल्या निम्म्यांना वाय-फाय म्हणजे फक्त पासवर्ड वाटतो. पोहायच्या तलावावर कपडे ठेवताना खिडकीतला माणूस तुम्हाला नंबराचा बिल्ला देतो ना? राउटर म्हणजे तो खिडकीतला माणूस. घरातला फोन, टीव्ही, कॅमेरा, जे यंत्र जोडलं जाईल त्याला तो एकेक नंबर देतो आणि त्या नंबरावर त्याची ओळख ठेवतो. बिल्ला थोड्या वेळापुरता असतो. वेळ संपली की यंत्र पुन्हा विचारतं, पुन्हा मिळतो. एकच खिडकी असेपर्यंत सगळं सुरळीत. पण समजा, कोणीतरी दुसरी खिडकी उघडून बसलं आणि तेही बिल्ले वाटायला लागलं. मग कधी याचा नंबर मिळतो, कधी त्याचा. आणि त्या दुसऱ्या खिडकीतून बाहेर जायला वाटच नसेल, तर तो बिल्ला घेतलेला माणूस आतच अडकला. बाहेरच्याला दिसेनासा.

चिमट्याला अंदाज होताच. लॅपटॉप उघडून तो बसला. दहापर्यंत सगळ्यांचे नंबर एकाच घराण्यातले, एकशे ब्याण्णवने सुरू होणारे. दहा वाजून दहा मिनिटं झाली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत सगळे बदलले. नवे नंबर दहाने सुरू होणारे आणि शेवटी एकेक आकडा. काकांचा फोन दोन. टीव्ही तीन. दारावरची घंटा चार. कॅमेरा पाच. आणि त्याचा स्वतःचा लॅपटॉप... सहा. वाटणारा कोण, तर एक.

चिमटा खूश झाला. "सापडलं," तो म्हणाला. "घरात दुसरा राउटर आहे. कोणीतरी लावून विसरलंय."

तेवढ्यात मुलाचा फोन. काकांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता, ऐकू कमी येतं म्हणून.

"गेला परत," मुलगा म्हणाला. आवाज रागाचा नव्हता. थकलेला होता. "बाबा, मी ती वीस मिनिटं रोज न्हाणीघराच्या दारापाशी उभा असल्यासारखा असतो. नाही होत माझ्याने. उद्याची रात्र शेवटची. उद्याही गेला तर परवा सकाळी मी गाडी घेऊन येतो. त्या वृद्धनिवासातली खोली सांगून ठेवलीय. तिथे चोवीस तास माणसं आहेत."

फोन ठेवल्यावर काका टेबलाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "खोलीची मापं मागवली होती मी. बारा बाय दहा. दार अडीच फुटांचं." मग म्हणाले, "हे टेबल दारातून आत जात नाही."

"उद्या नाही जाणार कॅमेरा," चिमटा म्हणाला. असं म्हणून गेला खरा, आणि रात्रभर आपण असं का बोललो म्हणून कूस बदलत राहिला.

शुक्रवार, चौदा नोव्हेंबर. संध्याकाळी बरोबर आठला तो दारात. सोबत टॉर्च, वायर शोधायचं यंत्र आणि अर्थात चिमटा. काका तयारीत होते. त्यांनी दिवसभर बसून घराचा नकाशा काढला होता, एकास पन्नास प्रमाणात, आणि त्यात घरातली प्रत्येक वायर लाल शाईने. चिमट्याने वीस वर्षांत हजार घरं पाहिली असतील. गिऱ्हाईक म्हणजे "ती पांढरी वायर कुठंतरी जाते बघा" एवढंच सांगणारं. इथे वायरीची लांबी फुटात लिहिलेली.

"काका, तुम्ही माझ्याबरोबर धंद्यात का येत नाही?"

"पगार काय देशील?"

"अर्धा."

"कशाचा अर्धा?"

"तोच तर प्रश्न आहे," चिमटा म्हणाला, आणि दोघं हसले. त्या खोलीत हसण्याचा आवाज जरा मोठाच वाटला. सवय गेलेल्या खोल्यांना असं होतं.

एकेक वायर बघत गेला. टीव्हीची, घंटेची, कॅमेऱ्याची. सगळ्या येऊन मिळत होत्या कोपऱ्यातल्या एका छोट्या डबीत. डबीला आठ भोकं, आणि जिथे वायर लागलीय तिथे हिरवा दिवा. शेवटच्या भोकातली वायर भिंतीत शिरत होती. नकाशावर ती जिन्याने वर चढत होती आणि वरच्या खोलीच्या दारापाशी संपत होती. खोली नुसती चौकोन. आत काहीच काढलेलं नव्हतं.

"इथे काय आहे?"

"तिची खोली." काकांनी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली. "तिने मला कधी मोजू दिली नाही. म्हणायची, सगळं घर तुझ्या मापात बसवलंस, एवढं एक राहू दे."

काकू जाऊन दीड वर्ष झालं होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर. जुनं एक्स्चेंज तुम्ही पाहिलेलं नाही. समोर भोकांची भिंत, कानाला हेडफोन, आणि एकेकाची लाइन हाताने जोडून द्यायची. घरात इंटरनेट आलं तेव्हा काकू म्हणाल्या, कनेक्शन मी देणार. राउटर स्वतःच्या खोलीत लावून घेतला. प्रत्येक यंत्राला स्वतः नंबर दिला. एक त्यांचा स्वतःचा. दोन काकांच्या फोनचा. खालचा पाहुणा मुलाने जूनमध्ये कॅमेऱ्याबरोबर बसवलेला.

"संध्याकाळची ड्युटी दहाला संपायची," काका म्हणाले. "पुढची बाई यायच्या आधी सगळ्या लाइनी तपासायच्या. एकेक जोडायची, विचारायचं, आहात का? उत्तर आलं की पुढची. निवृत्त झाली, तरी सवय गेली नाही. रोज रात्री वर बसून घर तपासायची. टीव्ही आहे का, घंटा आहे का, मी आहे का."

"किती वाजता?"

काकांनी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, दहा दहा.

जूनपासून काका जिना चढले नव्हते. चिमटा एकटाच वर गेला. तेरा पायऱ्या. दार लोटलेलं. आत पलंग, लाकडी खुर्ची, खिडकीशी टेबल. टेबलावर जुना राउटर. चिमट्याने टॉर्च मारला आणि त्याचा जीव भांड्यात पडला, कारण दुसरी खिडकी सापडली होती. मग तो आणखी जवळ गेला.

राउटरवर बोटभर धूळ. एकही दिवा नाही. वीज देणारी वायर... नव्हतीच. भोक रिकामं, त्यात कोळ्याचं जाळं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. त्याने हात लावून पाहिलं. थंडगार.

यंत्र मेलेलं होतं. आजकालचं नाही. केव्हाचं.

खाली येऊन त्याने डबी पाहिली. वर जाणाऱ्या वायरीच्या भोकावर हिरवा दिवा चालू. लुकलुक. लुकलुक. मेलेल्या यंत्राला जोडलेल्या वायरीवर दिवा लागत नसतो. हे मी तुम्हाला सांगतो, आणि हे चिमट्याला माझ्याहून जास्त ठाऊक.

त्याने वायर उपटली. दिवा विझला. वायरीचं टोक हातात धरून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. नऊ वाजून पन्नास मिनिटं.

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. आणि तरी मी आणखी एक करतो." कारण चिमटा कामात पक्का. त्याने कॅमेऱ्याला हाताने कायमचा नंबर लिहून दिला. कायमचा नंबर मिळालेलं यंत्र कुठल्याच खिडकीवर जात नाही, कोणाला काही विचारत नाही, कोणी दिलेलं घेतही नाही. लॅपटॉपलाही तसाच दिला. फोन, टीव्ही, घंटा तशीच ठेवली. त्यांचं काय एवढं, कॅमेरा राहिला म्हणजे झालं. मग लॅपटॉपवर वायरींमधली सगळी ये-जा दिसेल असं लावलं, आणि काका आरामखुर्चीत, हा ड्रॉइंगच्या टेबलापाशी स्टुलावर, असे दोघं बसले. भिंतीवर कॅमेऱ्याचा निळा ठिपका. पलीकडे सहा तासांवर एक मुलगा त्याच ठिपक्याकडे बघत बसलेला.

दहा वाजले. दहा पाच. रस्त्यावरून एक सायकल गेली. तेवढाच आवाज.

दहा वाजून दहा मिनिटं.

निळा ठिपका तसाच. चिमट्याने श्वास सोडला.

आणि लॅपटॉपवर एक ओळ आली.

तिथे इंग्रजीत येतात त्या, मी तुम्हाला आपल्या बोलीत सांगतो. यंत्रं एकमेकांना अशाच भाषेत विचारतात, त्यात विशेष काही नाही. ओळ होती: *दोन नंबर कोणाकडे आहे? एक नंबरला कळवा.*

काकांच्या फोनने उत्तर दिलं. मी आहे.

*तीन नंबर कोणाकडे आहे? एक नंबरला कळवा.*

टीव्हीने उत्तर दिलं.

*चार नंबर कोणाकडे आहे?*

घंटेने दिलं.

चिमट्याने कोपऱ्यात पाहिलं. उपटलेली वायर जमिनीवर पडलेली. भोक रिकामं. भोकावर हिरवा दिवा.

*पाच नंबर कोणाकडे आहे? एक नंबरला कळवा.*

कोणी बोललं नाही. पाच म्हणजे कॅमेरा. कॅमेऱ्याने तो नंबर सोडला होता. त्याला तो प्रश्न आपला वाटतच नव्हता.

*पाच नंबर कोणाकडे आहे?*

...

*पाच नंबर कोणाकडे आहे?*

"काका," चिमटा हळू म्हणाला, "काकू गेल्या तेव्हा घरात कॅमेरा होता?"

"नाही. चारच होते."

"मग पाच नंबर त्यांना..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

*सहा नंबर कोणाकडे आहे? एक नंबरला कळवा.*

सहा. आदल्या रात्री मिळालेला. त्याचा.

*सहा नंबर कोणाकडे आहे?*

त्याला तीन वर्षांत रात्री दहानंतर कोणी विचारलं नव्हतं, आहेस का म्हणून. हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या वेळी असलं काही सुचलं नाही.

"उत्तर आलं नाही तर काय करायच्या त्या?" त्याने विचारलं. "घरी."

काकांनी डोळे मिटले होते. "उठून यायची. बघायला. नुसती बघून जायची नाही, आली की काहीतरी करून जायची. तिच्या हाताला स्वस्थ बसवायचं नाही."

वर खुर्ची सरकली.

लाकडी खुर्ची, फरशीवर. तुम्ही ओळखता तो आवाज.

चिमट्याचा हात लॅपटॉपवर गेला. एक बटण. कॅमेऱ्याचा कायमचा नंबर काढून टाकायचा, की तो पाच घेईल, उत्तर देईल, सगळं शांत होईल. आणि निळा ठिपका विझेल.

"हे मी परत केलं तर..." तो म्हणाला.

"तर तो उद्या येईल," काका म्हणाले.

"आणि नाही केलं तर?"

"तर ती येईल."

वरचं दार. मग पहिली पायरी.

चिमट्याने टेबलाकडे पाहिलं. अडीच फुटांच्या दारातून न जाणाऱ्या. काकांकडे पाहिलं. त्यांचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट. बोटं पांढरी.

दुसरी पायरी. तिसरी. घाई नव्हती. सपाता असाव्यात.

त्याने हात मागे घेतला.

"बघू नकोस," काका पुटपुटले. "तिला काम करताना कोणी बघितलेलं चालत नाही. आणि हलू नकोस..."

चिमट्याने टेबलावर दोन्ही हात दुमडले आणि त्यात तोंड खुपसलं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. शाळेत बाकावर डोकं ठेवतात तसा. अंधार. स्वतःच्या शर्टाचा वास. पायऱ्या मोजत होता. नऊ. दहा. अकरा.

बारा.

तेरा.

मग काही नाही.

काही नाही...

आरामखुर्चीपाशी कापड सळसळलं. कोणीतरी ते झटकून पसरतंय असं. काकांचा एक लांब श्वास. मग तोही ऐकू येईना.

मग सपाता. टेबलाच्या या बाजूला. त्याच्या बाजूला.

थांबल्या.

डाव्या मनगटापाशी हवा गार झाली. तेवढीच जागा. नाण्याएवढी.

आणि बाही ओढली गेली.

किंचित. वर. थांबली. पुन्हा. वर. थांबली. कोणीतरी दोन बोटांनी बाही धरून... सावकाश... ओढत होतं. पुन्हा. पुन्हा. चिमटा मोजायचं विसरला. बाही ओढली जात राहिली. एका लयीत.

मग लय थांबली.

मनगटावर काहीतरी वाकलं. अगदी जवळ. केसांसारखं काहीतरी कातडीला लागून गेलं.

टक.

एवढाच आवाज.

...

तो वर पाहायला धजला तेव्हा दहा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. डबीवरचा दिवा बंद. लॅपटॉपवर ओळी थांबलेल्या. निळा ठिपका चालू. काका आरामखुर्चीत गाढ झोपलेले, आणि त्यांच्या अंगावर, हनुवटीपर्यंत नीट खोचून, पांघरूण. पांघरूण त्या खोलीत नव्हतं. पण म्हातारी माणसं स्वतः उठून आणतात, घेतात, असं चिमट्याने स्वतःला सांगितलं. मीही सांगितलं असतं. त्याने काकांना उठवलं नाही. हत्यारं गोळा केली. दार बाहेरून ओढून घेतलं. खोलीवर कसा पोचला ते त्याला आठवत नाही. कपड्यांसकट पलंगावर पडला आणि, आश्चर्य बघा, मेल्यासारखा झोपला.

सकाळी साडेसातला फोन. आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळे दचकून उठला. मुलगा होता.

"कॅमेरा गेला नाही," मुलगा म्हणाला.

"नाही गेला."

"मी रात्रभर बघितलं. नंतर रेकॉर्डिंग परत बघितलं. ती वीस मिनिटं." मग इतका वेळ काहीच नाही, की चिमट्याने फोन कानापासून काढून बघितला, कट झाला की काय म्हणून. "मी नाही येत आज. खोली नको म्हणून कळवून टाकलं मी. बाबा तिथेच राहू देत."

"बरं."

"एक करता येईल का? रोज दहा दहाला कॅमेरा बंद करायचा. साडेदहाला चालू. आधी व्हायचा तसा."

"येईल. पण का?"

"आईला आवडत नाही," मुलगा म्हणाला. "काम करताना कोणी बघितलेलं."

फोन बंद झाला.

चिमटा उठला. तोंड धुवायला म्हणून बाह्या वर करू लागला, आणि डावी बाही वर जाईना. मनगटाला बंद होती. आता हे तुम्हाला मी सांगितलेलं नाही, कारण त्यानेही मला सांगितलेलं नव्हतं, असली गोष्ट कोणी सांगतं का. त्या बाहीचं बटण तुटून दोन महिने झाले होते. लावून देणारं कोणी नाही, आणि स्वतः लावायचं रोज उद्यावर जायचं. तेव्हापासून ती बाही मनगटाशी उघडीच असायची.

खिडकीपाशी जाऊन त्याने उजेडात हात धरला. शर्टाची सगळी बटणं पांढरी. हे गडद निळं होतं, जरा मोठं, जुन्या धाटणीचं. चारही भोकांतून दोरा आडवा-उभा, टाका अगदी सारखा, आतून गाठ. आणि दोऱ्याचं टोक कात्रीने कापलेलं नव्हतं. दातांनी तोडलेलं होतं. अजून ओलं होतं.